उजवे-डावे ठरवण्यापूर्वी : जुन्या इटालियन भयपटांच्या ट्रान्सफरची तुलना कशी करावी

दारियो आर्जेंतो यांच्या १९७७ सालच्या ‘सस्पिरिया’मध्ये नायिका म्यूनिकच्या विमानतळाबाहेर पडते, मुसळधार पावसात कशीबशी टॅक्सी मिळवते आणि पुढची काही मिनिटे तिच्या चेहऱ्यावरून लाल, निळा आणि हिरवा प्रकाश सरकत राहतो. हेच दृश्य वेगवेगळ्या काळात निघालेल्या तीन डिस्कवर पाहिले, तर एकीवर चेहरा चुना फासल्यासारखा पांढराफटक दिसतो, दुसरीवर रंग शिळ्या फुलांसारखे मलूल झालेले असतात आणि तिसरीवर लाल प्रकाशातही गालाची गोलाई शाबूत असते. यातली ‘चांगली’ कोणती, हा प्रश्न बहुतेक जण ‘सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत लख्ख कोणती’ असा विचारतात आणि तिथेच फसतात. विचारायला हवे ते असे, की छायाचित्रणकाराने निगेटिव्हवर जे उमटवले आणि प्रिंटवर जे दाखवायचे ठरवले, त्याच्या सर्वांत जवळ कोणती डिस्क जाते. फिल्म स्कॅन करणे, तिच्यावर रंगसंस्कार करणे, ओरखडे आणि डाग काढणे आणि शेवटी सारे आकुंचित करून डिस्कवर बसवणे, या सगळ्या साखळीला मिळून ‘ट्रान्सफर’ म्हणतात आणि तिची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे तपासता येते.

आधी घरचा पडदा तपासावा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती वगळल्याचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. एकाच चित्रपटाच्या दोन डिस्क दोन प्लेअरमध्ये घालून मी एक अख्खी संध्याकाळ तुलना केली, एक प्रत काळपट आणि तांबूस असल्याचा निष्कर्ष वहीत लिहूनही टाकला आणि मग लक्षात आले, की टीव्हीने दोन एचडीएमआय जोडण्यांसाठी दोन निरनिराळे पिक्चर मोड लक्षात ठेवले होते. तेव्हापासून दोन्ही डिस्क एकाच प्लेअरमधून आणि एकाच जोडणीतून पाहण्याचा नियम मी मोडलेला नाही.

टीव्हीवर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ हा मोड निवडावा, रंगतापमान ‘वॉर्म’ ठेवावे, हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि गोंगाट-शमनाच्या नावाखाली चित्र पुसणारी सोय, दोन्ही बंद कराव्यात. शार्पनेस शून्यावर किंवा त्या टीव्हीच्या तटस्थ आकड्यावर आणावा. ओव्हरस्कॅन बंद असल्याची खात्री करावी, कारण तो चालू असेल तर चारही बाजूंनी चौकट थोडी कापली जाते आणि पुढे चौकटीविषयी काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकतो. संगणकावर पाहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. व्हिडिओत काळ्या-पांढऱ्याची मर्यादा १६ ते २३५ असते. सॉफ्टवेअरने ती ० ते २५५ समजून दाखवली, तर काळा रंग राखाडी दिसतो आणि दोष विनाकारण डिस्कच्या माथी येतो. शिवाय डीव्हीडी आणि ब्लू-रे यांची रंगगणिते वेगळी असल्यामुळे, सॉफ्टवेअरने गल्लत केली तर लाल आणि हिरवा रंग किंचित सरकतात.

भारतातील संग्राहकांपुढे याआधीच एक अडचण उभी असते. ब्लू-रेच्या जागतिक वाटणीत भारत ‘सी’ विभागात येतो, अमेरिका ‘ए’मध्ये आणि ब्रिटनसह युरोप ‘बी’मध्ये. जुन्या इटालियन भयपटांच्या उत्तम आवृत्त्या मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि इटलीत निघतात, त्यामुळे विभागबंद डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालतच नाही. सर्व विभाग वाचणारा प्लेअर घ्यावा किंवा मागवण्याआधी ती डिस्क विभागमुक्त आहे का ते पाहावे. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचे बंधन नसते; मात्र त्याच पेटीत सोबत दिलेली साधी ब्लू-रे विभागबंद असू शकते.

समोर आहे ती आवृत्ती कोणती?

दोन डिस्कवर एकच नाव असले तरी चित्रपट एकच असतो असे नाही. मारिओ बावा यांच्या १९६३ सालच्या ‘ब्लॅक सॅबथ’मधील तीन कथांचा क्रम अमेरिकी वितरकांनी बदलला, टेलिफोनच्या कथेतील दोन स्त्रियांमधील संबंधाचा धागा काढून तिचे कथानक फिरवले आणि रोबेर्तो निकोलोसी यांच्या संगीताच्या जागी लेस बॅक्स्टर यांचे संगीत घातले. बावांच्याच १९६० सालच्या ‘ब्लॅक संडे’लाही काटछाट आणि नवे संगीत असा अनुभव आला. आर्जेंतो यांचा १९७५ सालचा ‘डीप रेड’ इटलीत सुमारे १२७ मिनिटांचा होता. परदेशी पाठवलेल्या इंग्रजी आवृत्तीतून वीसहून अधिक मिनिटे गेली आणि त्यात नायक-नायिकेच्या चेष्टामस्करीचे प्रसंग बरेच होते.

म्हणून पहिल्यांदा लांबी मोजावी, पण ती मोजताना जुन्या पाल (युरोप-भारतातील टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीचा हिशेब लक्षात ठेवावा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो आणि पाल डीव्हीडी २५ चौकटींनी, त्यामुळे १२७ मिनिटांचा चित्रपट तिथे सुमारे १२२ मिनिटांत संपतो. ही पाच मिनिटे कुणी कापलेली नसतात. आवाजही थोडा वरच्या पट्टीत जातो, जो गॉब्लिन या वाद्यवृंदाचे संगीत ओळखीचे असणाऱ्याला लगेच खटकतो. लांबी जुळली, तरी श्रेयनामावली कोणत्या भाषेत आहे, चिठ्ठ्या आणि वर्तमानपत्रांची जवळून घेतलेली दृश्ये इटालियन आहेत की इंग्रजी, हेही नोंदवावे. अशी दृश्ये अनेकदा दोन्ही भाषांत वेगवेगळी चित्रित होत आणि त्यांवरून मूळ निगेटिव्ह कोणत्या देशाच्या आवृत्तीचे होते याचा माग लागतो.

स्रोताचा शोध

ट्रान्सफरचे निम्मे भवितव्य स्कॅनरमध्ये काय घातले यावरच ठरते. कॅमेऱ्यातून निघालेले मूळ निगेटिव्ह ही पहिली पिढी. त्यावरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि त्यावरून चित्रगृहातील प्रिंट निघते. प्रत्येक पिढीत बारकावे झिजतात आणि काँट्रास्ट वाढत जातो. डिस्कच्या वेष्टनावर ‘नवे ४के रिस्टोरेशन’ असे लिहिलेले असते, परंतु वाचायचे ते त्यापुढचे: मूळ निगेटिव्हवरून, की इंटरपॉझिटिव्हवरून, की काहीच न सांगता. चौथ्या पिढीच्या प्रिंटचा ४के स्कॅन हा मूळ निगेटिव्हच्या २के स्कॅनपुढे फिकाच पडतो.

इटालियन चित्रपटांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ आहे आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय या चित्रपटांच्या पोताविषयी बोलू नये, असे माझे मत आहे. टेक्निकलरच्या इटालियन शाखेने १९६० च्या सुमारास ‘टेक्निस्कोप’ ही पद्धत विकसित केली. साध्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी उंची मिळते. टेक्निस्कोपमध्ये ती दोनच छिद्रांची असते. त्यामुळे महागड्या अ‍ॅनामॉर्फिक (रुंद दृश्य आडवे आकसून टिपणाऱ्या) भिंगाशिवाय रुंद पडदा मिळतो आणि तीनशे मीटरची जी रीळ एरवी अकरा मिनिटे पुरते, ती बावीस मिनिटे पुरते. हात आखडता असलेल्या निर्मात्यांना याहून काय हवे होते? मात्र निम्म्या उंचीची चौकट तेवढ्याच पडद्यावर ताणायची, तर फिल्मचे दाणेही तेवढेच मोठे दिसणार. ‘डीप रेड’ आणि लुचियो फुल्ची यांचा १९७९ सालचा ‘झोंबी २’ हे असे दोन छिद्रांवर चित्रित झालेले चित्रपट आहेत, तर ‘सस्पिरिया’ अ‍ॅनामॉर्फिक भिंगाने पूर्ण उंचीवर टिपलेला आहे. ‘डीप रेड’ची डिस्क ‘सस्पिरिया’पेक्षा अधिक दाणेदार दिसली, तर तो ट्रान्सफरचा दोष नाही. उलट ती तितकीच गुळगुळीत दिसली, तर कुणीतरी इस्त्री फिरवल्याचा संशय घ्यावा.

टेक्निस्कोपच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढताना प्रतिमा मोठी करून चार छिद्रांच्या फिल्मवर नेली जाई. म्हणूनच अशा चित्रपटांत मूळ निगेटिव्हवरून आणि इंटरपॉझिटिव्हवरून केलेल्या स्कॅनमधील फरक इतर चित्रपटांपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

कोणत्या चौकटी निवडाव्यात

आठ ते दहा चौकटी पुरतात, पण प्रत्येक चौकट एखाद्या विशिष्ट परीक्षेसाठी निवडलेली असावी. नुसत्या सुंदर चौकटी काहीच सांगत नाहीत.

शुभ्र भागांसाठी ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ या १९७० सालच्या चित्रपटातील कलादालनाचा प्रसंग घ्यावा. नायक दोन काचेच्या दारांमध्ये अडकलेला असतो आणि आतल्या पांढऱ्या भिंती झळाळत असतात. भिंतीचा पोत आणि कडा दिसतात का, की सारे एका पांढऱ्या पट्ट्यात विरघळते, हे पाहावे. काळोखासाठी ‘सस्पिरिया’मधील अंध पियानोवादक आपल्या कुत्र्यासह म्यूनिकच्या क्योनिग्सप्लात्झ या चौकातून रात्री चालत जातो तो प्रसंग उत्तम: स्तंभांमागचा अंधार आणि वरचे आकाश वेगळे कळले पाहिजे. रंगांच्या सीमेसाठी बावांच्या १९६४ सालच्या ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मधील जुन्या वस्तूंच्या दुकानाचा प्रसंग, जिथे हिरवा आणि जांभळा प्रकाश उघडझाप करतो. करड्या छटांसाठी ‘ब्लॅक संडे’मधील धुके, कारण कमी दर्जाच्या आकुंचनात धुक्याच्या सलग छटा नकाशावरच्या उंचीरेषांसारख्या पायऱ्यांत तुटतात. चेहऱ्याच्या पोतासाठी फुल्चींना प्रिय असलेली डोळ्यांची अतिसमीप दृश्ये आहेतच.

याउलट नावांची अक्षरे असलेली किंवा एका दृश्यातून दुसरे उमलणारी चौकट धारदारपणाच्या परीक्षेला घेऊ नये. असे भाग त्या काळी फिल्मची पुन्हा नक्कल करून तयार होत, म्हणून ते प्रत्येक डिस्कवर मऊ आणि दाणेदारच दिसणार. झूम भिंगाची झेप चालू असतानाची चौकटही टाळावी.

दोन डिस्कवर नेमकी तीच चौकट गाठण्यासाठी वेळेच्या आकड्यावर विसंबू नये, कारण सुरुवातीची बोधचिन्हे वेगवेगळ्या लांबीची असतात. दृश्य जिथे कापले गेले आहे तिथली पहिली चौकट पकडावी आणि तिथून मोजत पुढे जावे. प्रत्येक ठिकाणी सलग तीन चौकटी घ्याव्यात. आकुंचनात सर्व चौकटींना सारखा दर्जा मिळत नाही आणि एकच घेतली तर नेमकी दुबळी हाती लागू शकते. प्रतिमा पीएनजी स्वरूपात साठवाव्यात, जेपीजीमध्ये नव्हे. एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला) असलेल्या ४के डिस्कच्या स्थिर चौकटी साध्या ब्लू-रेच्या शेजारी ठेवून निकाल देणे मात्र अन्यायाचे आहे, कारण संगणकाने त्या साध्या पडद्यासाठी परस्पर रूपांतरित केलेल्या असतात. ती तुलना एचडीआर दाखवणाऱ्या टीव्हीवरच करावी.

चौकट

आता प्रत्येक जोडीत डाव्या-उजव्या आणि वरच्या-खालच्या कडेला काय आहे ते पाहावे. ‘क्रिस्टल प्लुमेज’चे छायाचित्रणकार वित्तोरिओ स्तोरारो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस २:१ हे प्रमाण पुरस्कारले आणि नंतर आपल्या जुन्या चित्रपटांनाही ते लावले. त्यांच्या संमतीने या चित्रपटाची २:१ प्रमाणातील ब्लू-रे निघाली, तर २०१७ मध्ये मूळ निगेटिव्हवरून झालेले रिस्टोरेशन पुन्हा २.३५:१ या मूळ प्रमाणात आले. आकडेमोड सोपी आहे: उंची तीच ठेवली, तर सुमारे पंधरा टक्के रुंदी जाते. खुद्द छायाचित्रणकाराची संमती असली तरी १९७० साली चित्रगृहात जे दिसले ते हे नव्हे, आणि मी तरी अशा वेळी १९७० च्या बाजूने उभा राहतो.

‘डीप रेड’मध्ये तर चौकटीवर कथाच उभी आहे. चित्रांनी भरलेल्या दालनातून नायक धावत जातो आणि रहस्याचा धागा त्या क्षणी प्रेक्षकासमोर खरोखर असतो. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतींत रुंदीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जाई. तो धागा कडेला सरकला किंवा अंधारात बुडाला, तर दिग्दर्शकाने खेळलेला प्रामाणिक डाव लबाडीचा वाटू लागतो. ज्यांनी चित्रपट पाहिलेला आहे, त्यांनी प्रत्येक डिस्कवर हा क्षण थांबवून पाहावा.

रंग

रंगांबाबत ‘मला असे आठवते’ हा पुरावा नव्हे. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमधील निळसर द्रव्य आधी उडते आणि सारे चित्र किरमिजी होते, त्यामुळे जुनी प्रिंट पाहिलेल्याची आठवणही भरवशाची नसते. टेक्निकलरची रंग ठशांनी चढवण्याची पद्धत याला अपवाद होती. तिचे रंग जवळजवळ उडत नाहीत. अमेरिकेत ती १९७० च्या दशकाच्या मध्यातच बंद पडली, पण रोममध्ये थोडी अधिक काळ टिकली आणि ‘सस्पिरिया’च्या प्रिंट तिथे याच पद्धतीने निघाल्या. छायाचित्रणकार लुचियानो तोव्होली यांनी रंगीत कापड आणि कागद ताणलेल्या चौकटींमधून, कलाकारांच्या अगदी जवळून प्रखर प्रकाश सोडला होता. म्हणजे रंगांचा अतिरेक हा मूळचाच आहे. तरीही २००० च्या दशकात बनलेल्या आणि काही देशांत वापरल्या गेलेल्या एका एचडी प्रतीत काँट्रास्ट इतका चढवला गेला, की प्रकाशित भागांतील बारकावे जळून गेले. मूळ निगेटिव्हवरून झालेले आणि तोव्होली यांनी संमत केलेले ४के रिस्टोरेशन सिनॅप्स फिल्म्सने २०१७ मध्ये ब्लू-रेवर आणले, तेव्हा भडक रंग आणि जळलेला रंग यांतला फरक घरबसल्या दिसू लागला.

व्यवहारात पुढीलप्रमाणे करावे. रंगीत दिव्यांचा प्रसंग बाजूला ठेवून साध्या प्रकाशातला प्रसंग घ्यावा आणि त्यातील पांढरा सदरा, कागद किंवा बर्फ पाहावा. तो सर्वत्र पिवळसर असेल, आकाशही हिरवट वाटत असेल आणि वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी चित्रित प्रसंगांतही तीच झाक कायम असेल, तर ती आधुनिक रंगसंस्काराची सही समजावी. काही प्रसंगांत अपवाद हेतुपुरस्सर असतात. फुल्चींच्या १९८१ सालच्या ‘द बियाँड’ची सुरुवात, जी १९२७ सालच्या लुइझियानात घडते, ती तपकिरी छटेत आहे, पण जर्मनीत ती पूर्ण रंगीत दाखवली गेली आणि एका ब्लू-रेवर ती चुकून कृष्णधवल उतरली होती. अशी जागा आधी माहीत असली, तर डिस्क ओळखायला मिनिटही लागत नाही.

दाणे, गोंगाट आणि इस्त्री

फिल्मचा दाणा प्रत्येक चौकटीत नव्याने विखुरतो. म्हणून एकेक चौकट पुढे ढकलत पाहावी: कॅमेरा सरकत असताना पोत जागच्या जागी खिळून राहिला, जणू मळक्या काचेतून पाहतो आहोत, किंवा त्यात उभ्या रेषांची नक्षी दिसली, तर तो दाणा नसून स्कॅनरचा गोंगाट आहे. २०१० च्या आसपास जुन्या यंत्रांवर स्कॅन झालेल्या अनेक इटालियन चित्रपटांच्या ब्लू-रे या दोषाने ग्रासलेल्या आहेत आणि ‘केवढा खरा दाणा!’ म्हणून त्यांचे कौतुकही झालेले आहे.

दुसऱ्या टोकाला गोंगाट-शमन असते. त्यात त्वचा मेणाच्या पुतळ्यासारखी होते, भिंतीवरचा गिलावा नाहीसा होतो आणि डोके वळवताना केसांमागे पुसट शेपूट उमटते. शेवटची खूण स्थिर चौकटीत सापडत नाही, म्हणून ती चालत्या चित्रातच शोधावी. गडद खांबाभोवती किंवा खिडकीच्या चौकटीभोवती पांढरी किनार दिसली, तर कृत्रिम धार चढवलेली आहे.

आकुंचनाविषयी थोडक्यात एवढेच, की दाणेदार चित्राला जागा लागते. ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ४० मेगाबिट मिळू शकतात. टेक्निस्कोप चित्रपट, दोन आवृत्त्या आणि तासन्‌तास मुलाखती एकाच २५ जीबीच्या डिस्कवर कोंबल्या असतील, तर अंधाऱ्या कोपऱ्यांत चौकोनी ठोकळे शोधावेत. ते सापडतात.

ध्वनी

हे चित्रपट बहुधा प्रत्यक्ष ध्वनीशिवाय चित्रित होत. एकाच प्रसंगात एक नट इंग्रजी बोले, दुसरा इटालियन, आणि नंतर दोन्ही भाषांत सारेच आवाज स्टुडिओत भरले जात. त्यामुळे ओठ न जुळणे हा डिस्कचा दोष मानू नये; मात्र दार आपटल्याचा किंवा काच फुटल्याचा आवाज मागेपुढे होत असेल, तर तो निश्चित दोष आहे.

दोन ध्वनिपट्ट्यांची तुलना करताना आधी संवादांची पातळी सारखी करावी, कारण कानाला मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो. मूळचा मोनो ध्वनी दिलेला आहे की केवळ नव्याने पसरवलेला बहुवाहिनी ध्वनी, हे पाहावे. ‘सस्पिरिया’ला मुळातच चार वाहिन्यांचा ध्वनी होता आणि तो मूळ मिश्रणातून परत आणणे हे नंतरच्या आवृत्तीचे मोठे काम ठरले. जुन्या मोनोतील सरसर पूर्ण गेली असेल, तर तिच्याबरोबर झांजेचा निनाद आणि श्वासही गेला आहे का, हे हेडफोन लावून ऐकावे. इटालियन ध्वनीबरोबरची उपशीर्षके त्या संवादांवरून केलेली आहेत की इंग्रजी डबिंगचीच नक्कल, हे दोन-तीन वाक्यांत कळते: पडद्यावर माणूस दोन शब्द बोलतो आणि खाली ओळभर मजकूर येतो. ‘डीप रेड’च्या पूर्ण आवृत्तीत इंग्रजी ध्वनी निवडला, तरी काही प्रसंग इटालियनमध्येच येतात, त्या भागांचे इंग्रजी डबिंग उपलब्ध नाही, म्हणून तिथे तक्रार करू नये.

नोंद आणि निकाल

नोंदवहीत डिस्कचा देश, वर्ष, स्रोत, लांबी, चौकटीचे प्रमाण, ध्वनिपट्ट्या आणि कोणत्या टीव्हीवर पाहिले ते लिहावे. दहापैकी गुण देण्याचा मोह टाळावा, कारण रंगात सरस असलेली डिस्क आकुंचनात हरते आणि दोन्हींची बेरीज काहीच सांगत नाही. स्थिर चौकटींचे काम संपले, की दुसऱ्या दिवशी पूर्ण चित्रपट न थांबवता, नेहमीच्या अंतरावरून पाहावा. काल भिंगातून दिसलेले निम्मे दोष तेव्हा दिसत नाहीत आणि एखादा न दिसलेला दोष, जसे चौकटीचे किंचित थरथरणे किंवा रीळ बदलताना उजळपणाची उडी, डोळ्यांना टोचू लागतो.

नवी आली म्हणून जुनी डिस्क लगेच विकू नये. ‘ब्लॅक सॅबथ’ची इटालियन आवृत्ती कितीही देखणी असली, तरी बोरिस कार्लोफ यांचा स्वतःचा आवाज इंग्रजी आवृत्तीतच ऐकू येतो, म्हणून माझ्या कपाटात त्या दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत.